जोनास हॅनवे : निराधार मुलांना जहाजावर चढवणारा व्यापारी

समुद्राचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर सेनापती, नकाशे आणि लढाया उभ्या राहतात. कान्होजी आंग्रे, वास्को द गामा, नेल्सन ही नावे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात. परंतु जहाज काही एकट्या सेनापतीच्या बळावर चालत नाही. भर वादळात डोलकाठीवर चढून शीड आवळणारा जो पोरगा असतो, त्याचे नाव कोणत्याच पुस्तकात येत नाही. तो कोठून आला, त्याला तेथे कोणी पाठवले, जहाजावर पाऊल टाकण्यापूर्वी त्याच्या अंगात धड सदरा तरी होता का, हे प्रश्न इतिहासाच्या तासाला सहसा निघत नाहीत. अठराव्या शतकात लंडनच्या एका व्यापाऱ्याला हे प्रश्न पडले आणि त्यांची उत्तरे शोधण्यात त्याने आयुष्याची तीस वर्षे घालवली. त्याचे नाव जोनास हॅनवे.

हॅनवेचा जन्म १७१२ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ या बंदरात झाला. पोर्टस्मथ म्हणजे ब्रिटिश आरमाराचे माहेरघर. वडील आरमाराला अन्नधान्य पुरवणाऱ्या खात्यात नोकरीस होते. जोनास लहान असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि आई मुलांना घेऊन लंडनला आली. पितृछत्र हरपलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे हॅनवेला पुस्तकातून शिकावे लागले नाही. सतराव्या वर्षी, १७२९ मध्ये, पोर्तुगालमधील लिस्बन येथे एका व्यापाऱ्याच्या पेढीवर त्याची उमेदवारीसाठी रवानगी झाली. हिशेब, मालाची पारख, परक्या भाषा आणि परक्यांचे स्वभाव हे सारे तो तेथेच शिकला. महाविद्यालयाचे तोंड त्याने पाहिले नाही. त्याचे विद्यापीठ म्हणजे बंदराचा धक्का.

१७४३ मध्ये तो रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग शहरातील एका इंग्रज पेढीत भागीदार झाला. त्या वेळी इंग्रज व्यापारी रशियातून व्होल्गा नदीमार्गे कास्पियन समुद्र ओलांडून इराणशी व्यापार करण्याच्या खटपटीत होते. या कामी हॅनवेला पाठवण्यात आले. लोकरी कापडाचे गठ्ठे घेऊन तो मॉस्को, आस्त्राखान असे मुक्काम करीत वर्षअखेरीस कास्पियनच्या दक्षिण टोकाच्या अस्तराबादला पोहोचला. पण नशिबाची थट्टा अशी, की तेथे पोहोचतो न पोहोचतो तोच त्या शहरात बंड झाले आणि बंडखोरांनी त्याचा सारा माल लुटला. परका मुलुख, जिवाची शाश्वती नाही, खिशात पैसा नाही. तशा स्थितीत त्याने हाय खाल्ली नाही. कडाक्याच्या थंडीत, वाटमाऱ्यांच्या प्रदेशातून प्रवास करीत त्याने थेट इराणच्या बादशहाची छावणी गाठली आणि दाद मागितली. हा बादशहा म्हणजे नादिरशहा. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १७३९ मध्ये, ज्याने दिल्ली लुटली आणि मयूरासन उचलून नेले तोच! त्या लुटारू बादशहाने या लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्याची भरपाई करण्याचा हुकूम दिला आणि खटपटी करून हॅनवेने मालाचा बराचसा मोबदला परत मिळवला. व्यापार मात्र पुढे टिकला नाही. १७४६ मध्ये रशियानेच तो बंद पाडला. या प्रवासातून हॅनवेने एकच गोष्ट कायमची घरी आणली. कधीही निराश व्हावयाचे नाही, हे त्याने आपले ब्रीद ठरवले आणि पुढे ते आपल्या बग्गीवरही रंगवून घेतले.

१७५० मध्ये तो लंडनला परतला. गाठीशी बेताचे का होईना, पण पुरेसे धन होते. लग्न त्याने केले नाही. प्रवासाचे चार खंड १७५३ मध्ये प्रसिद्ध करून त्याने नाव मिळवले. लंडनकरांना तो आठवतो तो मात्र वेगळ्याच कारणासाठी. पावसात छत्री घेऊन हिंडणारा त्या शहरातील तो पहिला पुरुष समजला जातो. छत्री हे बायकांचे साधन अशी समजूत असल्याने रस्त्यात त्याची टवाळी होई. भाड्याच्या घोडागाड्या हाकणाऱ्यांचा तर त्याच्यावर विशेष राग, कारण पाऊस आला की त्यांचा धंदा चाले. हॅनवेने कोणाकडे लक्ष दिले नाही. वर्षानुवर्षे तो छत्री घेऊन हिंडत राहिला आणि अखेरीस सारे लंडन छत्री वापरू लागले. लोक हसतात म्हणून योग्य ते सोडावयाचे नाही, हा त्याचा स्वभाव पुढे हजारो मुलांच्या कामी आला.

त्या काळच्या लंडनकडे आता वळू. एका बाजूला जगभरचे धन वाहून आणणारी जहाजे, तर दुसऱ्या बाजूला रस्त्यावर वाढणारी पोरे. गावाकडून पोटासाठी आलेली, आईबापांनी टाकलेली, भीक मागणारी, किरकोळ चोऱ्या करणारी ही मुले पुलाखाली आणि बाजारातील फळ्यांखाली रात्री काढीत. चोरी सापडली की तुरुंग, मोठी सापडली की फाशी किंवा सातासमुद्रापार हद्दपारी. टाकून दिलेल्या अर्भकांसाठी टॉमस कोरम नावाच्या एका निवृत्त जहाज-कप्तानाने १७४१ मध्ये अनाथालय उघडले होते आणि हॅनवे पुढे त्याच्या चालकांपैकी एक झाला. पण तेरा-चौदा वर्षांच्या दांडग्या, चिंध्या पांघरलेल्या पोरांना कोणी जवळ करावयाचे? त्यांना पाहून समाजाला दया येत नसे, भीती वाटत असे.

१७५६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध जुंपले. तेच पुढे सप्तवार्षिक युद्ध म्हणून ओळखले गेले. आरमाराला माणसांची टंचाई पडली. माणसे मिळवण्याचा सरकारी मार्ग म्हणजे जबरी भरती. बंदरातल्या, रस्त्यातल्या खलाशांना धरून जहाजावर कोंडावयाचे. त्याच वर्षी लंडनमध्ये आणखी एक प्रयोग चालू होता. जॉन फील्डिंग नावाचा एक दंडाधिकारी होता. तो आंधळा होता, पण शहरातल्या गुन्हेगारीची नाडी त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. एका जहाजाच्या कप्तानाच्या मागणीवरून त्याने रस्त्यावरची काही मुले कपडे देऊन जहाजावर पाठवली. गोष्ट चांगली होती, परंतु वर्गणीचा पैसा संपला आणि काम अडले.

येथे हॅनवे पुढे आला. २५ जून १७५६ रोजी लंडनच्या कॉर्नहिल भागातील किंग्ज आर्म्स नावाच्या मद्यगृहात व्यापारी आणि जहाजमालक यांची सभा भरली आणि मरीन सोसायटी स्थापन झाली. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी स्थापन झालेल्या जगातील अगदी जुन्या संस्थांपैकी ही एक. हॅनवेची बुद्धी व्यापाऱ्याची होती. दानधर्म हा त्याच्या दृष्टीने हिशेबाने करावयाचा व्यवहार होता. किती मुले आली, कोणत्या जहाजावर गेली, कपड्यांना किती खर्च झाला, याची वहीत नोंद होऊ लागली. पुस्तिका छापून त्याने श्रीमंतांच्या दारोदार वाटल्या. वर्गणीदारांना आपला पैसा कोठे गेला हे कळू लागले आणि पैसा येत राहिला.

संस्थेचे काम ऐकावयास अगदी साधे वाटते. मुलगा आला की त्याला न्हाऊ घालावयाचे, अंगावरच्या चिंध्या टाकून द्यावयाच्या, नवे जाड लोकरी कपडे, सदरे, मोजे, बूट, टोपी द्यावयाची आणि जहाजावर रवाना करावयाचे. नियमाप्रमाणे कप्तानाला दर शंभर माणसांमागे चार चाकर ठेवता येत. या जागांवर ही मुले जात आणि चाकरी करता करता खलाशाचे काम शिकत.

कपड्यांना एवढे महत्त्व का, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर जहाजाच्या पोटात आहे. शेकडो माणसे दाटीवाटीने झोपत असलेल्या त्या जागेत टायफस हा ताप वणव्यासारखा पसरे. मळक्या कपड्यांतून आलेल्या एका माणसापायी सारे जहाज आजारी पडे. हा रोग अंगावरच्या उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दाखवून दिले. हॅनवेच्या काळी ते कोणालाच ठाऊक नव्हते. तरी चिंध्या आणि ताप यांचे काही नाते आहे, एवढे अनुभवाने त्यांनी ओळखले. गरीब मुलाला दिलेला स्वच्छ सदरा हा अशा रीतीने साऱ्या जहाजाचे रक्षण करणारा ठरला. युद्ध १७६३ मध्ये संपले, तोवर संस्थेने दहा हजारांहून अधिक मुले व माणसे आरमारात पाठवली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले होती.

हा आकडा वाचून हॅनवेला वंदन करावेसे वाटते. परंतु वाचकहो, येथे क्षणभर थांबले पाहिजे. ही मुले शाळेत गेली नव्हती, युद्धावर गेली होती. त्या युद्धासंबंधी त्या काळी प्रसिद्ध झालेले आकडे असे सांगतात, की आरमारातील सुमारे दीड हजार माणसे प्रत्यक्ष लढाईत मेली, तर रोगाने मेलेली आणि बेपत्ता झालेली मिळून सव्वा लाखांहून अधिक होती. त्यात हॅनवेचे नवे कपडे घालून गेलेली मुले किती असतील? शिवाय, मुलगा राजीखुशीने जातो असे संस्था म्हणे. पण ज्याला दोन दिवस अन्न मिळालेले नाही त्याच्या राजीखुशीला कितपत अर्थ असतो? रस्ते स्वच्छ व्हावेत, आरमार भरावे आणि पुण्यही पदरात पडावे असा हा तिहेरी लाभ होता. तो मुलाचा होता तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, राज्याचा होता. हॅनवेने ही गोष्ट कधी लपवली नाही. देशसेवा आणि दया एकाच कामात साधतात याचा त्याला अभिमानच होता. आपल्याला मात्र आज तसा निःशंक अभिमान वाटू शकत नाही, आणि वाटू नये.

तरी त्याचे मोठेपण मला दिसते ते युद्धानंतरच्या वर्षांत. शांतता झाली आणि आरमाराने मुलांना सोडून दिले. युद्धापुरती दया असती तर हॅनवेची वही तेथेच मिटली असती. पण ही मुले पुन्हा रस्त्यावर येणार हे पाहून संस्थेने त्यांना व्यापारी जहाजांवर व कारागिरांकडे उमेदवारीला लावण्याचे काम अंगावर घेतले. १७७२ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने संस्थेला कायमचे स्वरूप मिळाले. हॅनवे स्वतः १७६२ पासून आरमाराच्या अन्नपुरवठा खात्यात आयुक्त होता. ज्या खात्यात वडिलांनी नोकरी केली, त्याच खात्याच्या वरच्या पायरीवर मुलगा बसला.

याच काळात त्याने लहान मुलांसाठी दुसराही लढा दिला. लंडनच्या अनाथ-गरीब अर्भकांना तेथील धर्मपरगण्यांच्या आश्रयगृहांत ठेवीत. तेथे ती माशांसारखी मरत. हॅनवे त्या घरांतून स्वतः हिंडला आणि मृत्यूचे आकडे गोळा करून त्याने ते छापले. त्याच्या प्रयत्नांमुळे अशा मुलांची नोंद ठेवण्याचा कायदा १७६२ मध्ये झाला, आणि १७६७ मध्ये त्यांना शहराबाहेर मोकळ्या हवेत दायांकडे वाढवावे असा कायदा झाला. हजारो अर्भके त्यामुळे वाचली. धुराड्यांत चढून काजळी काढणाऱ्या चिमुकल्या पोरांसाठीही तो म्हातारपणापर्यंत लिहीत राहिला. त्यांच्यासाठीचा पहिला कायदा १७८८ मध्ये झाला. तो पाहावयास हॅनवे मात्र नव्हता.

मुलांना जहाजावर पाठवण्याच्या कामात इतकी वर्षे गेल्यावर एक उणीव त्याच्या ध्यानात आली. कपडे घालून मुलगा जहाजावर चढतो खरा, पण त्याला दोराची गाठ मारता येत नाही, शिडाचे नाव माहीत नसते. समुद्र त्याने पाहिलेला नसतो. अशा मुलाच्या वाट्याला पहिल्या सफरीत शिव्या, चाबूक आणि मळमळ याखेरीज काय येणार? तेव्हा जहाजावर जाण्यापूर्वीच त्याला जहाज शिकवले पाहिजे. १७८३ मध्ये हॅनवेने परगण्या-परगण्यांतून मोफत नाविक शाळा काढाव्यात अशी योजना मांडली. सरकारने ती उचलली नाही. तेव्हा संस्थेने आपल्या ऐपतीप्रमाणे मार्ग काढला. १७८६ मध्ये एक जुने व्यापारी जहाज विकत घेतले, त्याला मरीन सोसायटी हेच नाव दिले आणि लंडनजवळ डेप्टफर्ड व ग्रिनिच यांच्या दरम्यान टेम्स नदीत ते नांगरून ठेवले. या जहाजाला प्रवास करावयाचा नव्हता. ती तरंगती शाळा होती. मुले तेथेच राहत, जेवत, दोरखंड व शिडे हाताळावयास शिकत, आणि शिक्षकाकडून अक्षरेही गिरवीत. समुद्रावर जाण्यापूर्वी गरीब मुलांना शिक्षण देणारे जगातील पहिले प्रशिक्षण-जहाज म्हणून ते ओळखले जाते. एकामागून एक नव्या जहाजांवर ही परंपरा १९४० पर्यंत चालली. संस्था अद्याप जिवंत आहे. २००४ मध्ये ती सी कॅडेट्स या मुलामुलींच्या संघटनेशी एकत्र झाली.

त्याच १७८६ सालची आणखी एक हकीकत आपल्या देशाशी जोडलेली आहे. पूर्वेकडून परतणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे गोरे खलाशी वाटेत मरत वा पळून जात. त्यांच्या जागी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचे खलाशी घेतले जात. त्यांना लास्कर म्हणत. इंग्लंडला पोहोचताच त्यांचे काम संपे. जहाजावर बहुसंख्य खलाशी ब्रिटिशच असावेत असा तेथील कायदा असल्याने परतीच्या सफरीत त्यांना काम मिळणे अवघड होई. मग ही उष्ण देशाची माणसे लंडनच्या बर्फात अर्धवस्त्र भीक मागत फिरत. जानेवारी १७८६ मध्ये त्यांच्या मदतीसाठी एक समिती निघाली आणि चौऱ्याहत्तरीकडे झुकलेला हॅनवे तिचा अध्यक्ष झाला. मदत मागावयास आलेल्यांत आफ्रिकी वंशाचे लोकच अधिक निघाले. त्यांतील अनेकांना आफ्रिकेत सिएरा लिओन येथे वसवण्याची योजना झाली. १७८७ मध्ये सुमारे चारशे माणसे तिकडे गेली आणि थोड्याच वर्षांत त्यांतील बहुतेकांची वाताहत झाली. दूर पाठवून दिले म्हणजे गरिबी मिटली, हा त्या काळच्या दयेचा मोठा दोष होता. हॅनवे त्यातून सर्वस्वी मुक्त नव्हता.

त्याच्या विचारांतही दोष होते. चहा पिण्याने राष्ट्र बुडेल असे तो मानी, आणि त्यापायी डॉ. जॉन्सनसारख्या चहाबाज पंडिताने त्याची भरपूर खिल्ली उडवली. ज्यू लोकांना नागरिकत्व देण्यास त्याने विरोध केला, हे तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गरिबाच्या मुलाने कष्टाळू, आज्ञाधारक खलाशी व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. त्याने कप्तान व्हावे हा विचार त्याच्या वहीत कोठे नव्हता.

आपल्याकडे मुंबई बंदरात १९२७ मध्ये डफरीन हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले, ते भारतीय मुलांना व्यापारी जहाजांवरचे अधिकारी बनवण्यासाठी. १९७२ मध्ये त्याची जागा राजेंद्र या जहाजाने घेतली आणि १९९३ मध्ये नवी मुंबईत चाणक्य ही जमिनीवरची संस्था आली. गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली भारतीय खलाशी, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत तेथून मोडू लागली. तरी कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हा मुलांना हा मार्ग अजून सोपा नाही. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. कोणता अर्ज कोठे भरावयाचा, हे सांगणारे घरी कोणी नव्हते. आमच्या वाडीत बोटीवर नोकरी लावतो म्हणून एका दलालाने एका बापाकडून पैसे घेतले. बापाने त्यासाठी होडी विकली. मुलगा अजून घरीच आहे. समुद्र दारात असून त्याला जहाजाची वाट सापडली नाही. अंगात बळ होते, पोहणे येत होते, वारा कळत होता. नव्हते ते एवढेच, की विश्वासाने हात धरून पहिल्या पायरीवर उभे करणारे कोणी. हॅनवेचे चरित्र वाचताना मला त्या मुलाची आठवण वारंवार झाली. चांगली इच्छा असणारे पुष्कळ भेटतात, पण कोणत्या मुलाला कोठे पोहोचवले याची वही ठेवणारा विरळा.

५ सप्टेंबर १७८६ रोजी, तरंगत्या शाळेच्या पहिल्याच वर्षी, हॅनवेचे लंडनमध्ये निधन झाले. लंडनजवळच्या हॅनवेल येथील चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले. वेस्टमिन्स्टर ॲबे या राष्ट्रीय स्मारकमंदिरात लोकांनी त्याचे स्मारक उभारले. त्यावर ब्रिटानिया देवी गरीब मुलांना कपडे देत आहे असे शिल्प कोरलेले आहे. शिल्प सुंदर असेल, पण त्यात हॅनवेचे अर्धेच काम दिसते. कपडे देण्याने त्याने आरंभ केला, आणि शिकवल्यावाचून दिलेला कपडा पुरत नाही हे ओळखून तो शाळेपर्यंत आला. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे त्या मुलाने काय व्हावे हे त्याचे त्याला ठरवू देणे, त्याच्या काळाला सुचली नाही. ती आपल्या वाट्याला आली आहे.